दांडी मारा, दांडीला या!

माहीत आहे का, आपल्या किनाऱ्यावर एक गाव असं आहे, जिथे जायचं तर आधी त्याच्या नावाला जागावं लागतं? ऑफिसला दांडी मारायची, पिशवीत दुर्बीण, टोपी आणि पाण्याची बाटली टाकायची, डहाणू लोकल पकडायची आणि बोईसरला उतरायचं. पुढे एसटी किंवा रिक्षा. गाव दांडी, तालुका पालघर, जिल्हाही पालघर!

हा जिल्हा अजून पोरसवदा आहे. 1 ऑगस्ट 2014 ला ठाण्यातून वेगळा झाला, राज्यातला 36 वा. डहाणूपर्यंत लोकल धावायला लागली तीसुद्धा 2013 मध्ये. म्हणजे मुंबईकरांना हा किनारा लोकलच्या पासवर मिळून फार वर्षं झालेली नाहीत. पक्षी मात्र कितीतरी आधीपासून येतायत, तेही विनातिकीट!

थांबा, थांबा. 'दांडी म्हणजे गांधीजींची दांडी का?' असं विचारणार असाल, तर नाही. ती दांडी इथून उत्तरेला, गुजरातच्या नवसारी जिल्ह्यात. 12 मार्च 1930 ला साबरमतीहून निघालेली यात्रा तिथे पोचली आणि 6 एप्रिलला गांधीजींनी मूठभर मीठ उचललं. तिसरी दांडी मालवणात, सिंधुदुर्ग किल्ल्यासमोरच्या पुळणीवर. एकाच समुद्राला तीन-तीन दांड्या! आपली मधली. मांगेला आणि कोळी मच्छीमारांची, होड्यांची, जाळ्यांची आणि थंडीत पाहुण्या पक्ष्यांची.

आता पहिला धक्का. दांडीला कमान नाही, तिकीटखिडकी नाही, 'अभयारण्यात आपले स्वागत आहे' असा हिरवा बोर्डही नाही. दांडी, उच्छेळी, नवापूर, आलेवाडी, नांदगाव, मुरबे अशी गावं, मध्ये खाड्या, खाड्यांच्या काठाने तिवरं, समुद्राकडे पुळण आणि सुरूची बनं. वाट आपली आपण पायांनी काढायची. माझं मत विचाराल तर मजा त्यातच आहे. पक्षी बोर्ड वाचून उतरत नाहीत. खायला काय आहे ते बघतात आणि उतरतात!

मावशी विरुद्ध मोबाइल

मी पोचलो तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. समुद्र पार मागे गेलेला. पक्षी होते, पण दूर, पाण्याच्या कडेला नुसते ठिपके. दुर्बिणीतून बघितलं तर जरा मोठे ठिपके!

पुळणीवर एक मावशी सुकट पसरत होत्या. माझी दुर्बीण बघून म्हणाल्या, "आता कशाला आलास? आज षष्ठी. साडेचारला पाणी फुल्ल. दोन वाजता ये, पाखरं आपणहून पुढ्यात येतील."

मोबाइल काढला. भरतीचं ॲप उघडलं. जवळपास तीच वेळ!

माहीत आहे का हे गणित? तिथीची पाऊणपट करा, की पूर्ण भरतीची वेळ मिळते. षष्ठी म्हणजे सहा, सहाची पाऊणपट साडेचार. चतुर्थी असेल तर तीन. अष्टमीला सहा. भिंतीवर कालनिर्णय असलं की पुरे, नेटवर्क लागत नाही. मिनिटाचा हिशोब नाही हा, पण पायी फिरणाऱ्याला भरपूर झाला. शास्त्र सरळ आहे. भरतीची वेळ रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते, म्हणजे तासाच्या पाऊण हिश्शाच्या जरा वर. आमच्या मच्छीमारांनी चंद्रालाच घड्याळ केलं!

अमावास्या-पौर्णिमेला उधाण. पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे पाण्याची चढउतार बेताची. पक्षीनिरीक्षकाने ही दोन नावं पक्ष्यांच्या नावांआधी पाठ करावीत. कारण भरती चढायला लागली की चिखलावर पांगलेले पक्षी पाण्यापुढे सरकत-सरकत तुमच्या दिशेने येतात. तुम्ही फक्त एका जागी गप्प उभं राहायचं. होम डिलिव्हरीच म्हणा ना!

दोन वाजायला चार तास होते. आणि ते चार तास काय गेले म्हणून सांगू!

पायाखाली बघा, पायाखाली!

ओल्या वाळूवर रांगोळी. खरंच रांगोळी! मधे एक बारीक भोक आणि त्याभोवती ज्वारीच्या दाण्याएवढ्या शेकडो वाळूच्या गोळ्या, चांदणीसारख्या किरणांत मांडलेल्या. कलाकार कोण? नखाएवढा खेकडा. तो वाळू तोंडात घेतो, तिच्यातलं खाण्यासारखं सूक्ष्म काय ते काढून घेतो आणि उरलेल्या वाळूची गोळी करून मागे टाकतो. मी उकिडवा बसलो, अगदी श्वास धरून. मिनिटभराने तो भोकातून वर आला. एक गोळी, दुसरी गोळी, तिसरी. माझी सावली हलली आणि गडप! भरती आली की सगळी रांगोळी पुसली जाते, ओहोटीला नवी.

खाडीच्या चिखलात त्याचे चुलते. फिडलर क्रॅब! नराची एक नांगी इवलीशी आणि दुसरी एवढी मोठी, की कधीकधी तिचं वजन अख्ख्या अंगाच्या निम्म्याच्या घरात जातं. मोठी नांगी हलवून तो माद्यांना 'इकडे बघ' म्हणतो. खायला मात्र ती बिनकामाची. खाणं सगळं छोट्या नांगीने.

निवटी ताटात बघितली असेल, चालताना बघितली आहे का? ही मासळी पाण्याबाहेर येते, परांवर रेलून चिखलात सरपटते, उड्याही मारते. ओल्या कातडीतून आणि तोंडाच्या आतल्या ओलाव्यातून हवा घेते. आणि कमाल पुढेच आहे. चिखलातल्या बिळात अंडी असली, तर तोंडात हवेचा घोट भरून ती बिळात नेऊन सोडते. पिल्लांसाठी ऑक्सिजन सिलिंडर, तोही घरपोच!

हे झाड पान चाटून ओळखा

तिवराचं पान तोडायचं नाही. नुसतं झुकून पानाला जिभेचं टोक लावा. खारट! मुळांवाटे आलेलं मीठ हे झाड पानांतून बाहेर टाकतं. उन्हात नीट बघितलं तर पानावर मिठाचे बारीक कण चमकतात. इतिहासाने नाही, तरी चवीने ही दांडीसुद्धा मिठाची निघाली!

तिवराखालच्या चिखलातून पेन्सिली उगवल्यासारख्या दिसतात ना? ती मुळं आहेत, आणि ती वरच्या दिशेने वाढतात. चिखलात हवा नाही म्हणून नाक वर काढून श्वास घेतात. त्यांच्यावर पाय देऊ नका, प्लीज. तो झाडाचा गळा आहे.

कांदळाची तऱ्हा आणखी न्यारी. त्याचं बी झाडावर असतानाच रुजतं. शेवग्याच्या शेंगेसारखी लांब रोपं फांद्यांना लोंबतात, तयार झाली की खाली पडतात, कधी चिखलात उभी रुततात, कधी पाण्यावर तरंगत दुसरा काठ शोधतात. झाडाची बाळं आईच्या अंगावरच वाढून मग घर सोडतात.

आता क्विझ. राज्यप्राणी? शेकरू. राज्यपक्षी? हरियाल. राज्य कांदळवृक्ष? अडलात ना! पांढरी चिप्पी, 2020 पासून. असा वृक्ष जाहीर करणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य. तिची फुलं रात्री उमलतात. आणि राज्यमासा? रुपेरी पापलेट, 2023 पासून. त्या पापलेटचं नावाजलेलं बंदर सातपाटी याच तालुक्यात, मुरब्याच्या खाडीपलीकडे!

बोनस प्रश्न. सुरूची लांब हिरवी सुई म्हणजे काय? पान? चूक! ती बारीक डहाळी आहे. तिच्यावर थोड्या-थोड्या अंतराने सांधे असतात, तो सांधा हळूच ओढून उघडा. तिथे जी बारीक दातेरी कड दिसते, ती सुरूची खरी पानं. आणि आपल्या किनाऱ्याचा म्हणून मिरवणारा हा सुरू मुळात आपला नाहीच, बाहेरून आणून लावलेला आहे.

इथलं सगळ्यात प्रसिद्ध बदक उडत नाही

कारण ते बोंबील आहे! इंग्रजीत 'बॉम्बे डक'. सुक्या बोंबलांचा वास डाकगाडीला लागायचा, म्हणून 'बॉम्बे डाक' आणि त्याचं 'डक', अशी कथा सांगतात. कथा झकास, पण गाडी चुकली. पहिली रेल्वे बोरीबंदरहून ठाण्याला गेली 1853 ला आणि 'बॉम्बे डक' हे नाव त्याच्या कितीतरी आधीच्या इंग्रजी लिखाणात सापडतं.

किनाऱ्यावरच्या गावात फिरताना बांबूंवर ओळीने लटकलेले बोंबील दिसले, तर समोरच्या तारांवर आणि छपरांवर नजर टाका. बगळे आणि घारी हजर असतातच. त्यांचाही बाजार तोच.

घारीत तांबूस पाठीची, पांढऱ्या डोक्याची दिसली तर ती ब्राह्मणी घार. इंडोनेशियाच्या जकार्ता शहराने हिलाच मानचिन्ह केलंय!

दोन वाजले!

मावशींचा शब्द खरा निघाला. पाणी पुढे सरकत होतं आणि त्याच्या कडेने अख्खी पलटण. एवढे पाय एकदम बघितले की डोळ्यांना काय बघू नि काय नको होतं. चला, एकेकाला गाठू.

लाटेच्या पुढे पळणारा आणि लाट फिरली की तिच्या मागे पळणारा तो पांढुरका गोळा? सँडरलिंग. तुतवारांच्या या सगळ्या गोतावळ्यात बहुतेकांना पायाला मागचं बोट असतं, याला नाही. धावपटूला ओझं कशाला!

चिमणीएवढा दिसतो तो लिटल स्टिंट. वजन 25 ग्रॅमच्या आसपास. पाच-सहा चमचे साखर तळहातावर घ्या, तेवढंच. आणि हा जीव विणीला जातो कुठे? थेट आर्क्टिक टुंड्रात! तिथून सायबेरिया-मध्य आशिया ओलांडून आपल्याकडे. या हवाई हमरस्त्याला 'मध्य आशियाई उड्डाणमार्ग' म्हणतात. तो तीस देशांतून जातो. आपल्याला एका सी लिंकचं कौतुक!

रेकॉर्ड हवंय? घ्या. बार-टेल्ड गॉडविट या लांब चोचीच्या पक्ष्याचं जेमतेम पाच महिन्यांचं पिल्लू 2022 च्या ऑक्टोबरात अलास्काहून निघालं आणि 13,560 किलोमीटर उडून टास्मानियात उतरलं. न खाता, न पिता, एकदाही न टेकता. अकरा दिवस! अशा प्रवासाआधी हे पक्षी चरबी साठवतात आणि पोटातले पचनाचे अवयव चक्क आक्रसून घेतात. वाटेत जेवायचंच नाही, तर किचन कशाला वाहून न्यायचं?

कालवफोड्या माहीत आहे का? काळापांढरा कोट, गाजरासारखी लाल चोच. नावातच धंदा आहे. कालवं फोडून-फोडून चोच झिजते, म्हणून ती वाढतही राहते, दिवसाला साधारण 0.4 मिलिमीटर. तुमच्या-माझ्या नखांच्या तिप्पट वेग. आणि शिंपले फोडणाऱ्याची चोच बोथट होते, किडे उकरणाऱ्याची टोकदार राहते. चोच बघून मेन्यू सांगता येतो!

कुरव, म्हणजे सीगल, समुद्राचं पाणी पितो. बिनधास्त. डोळ्यांच्या वर त्याच्या मिठाच्या ग्रंथी असतात. रक्तातलं जादा मीठ त्या वेगळं काढतात आणि ते खारट थेंब नाकपुड्यांतून ठिबकतात. दुर्बिणीतून कुरवाच्या चोचीच्या टोकावर थेंब दिसला तर 'बिचाऱ्याला सर्दी झाली' म्हणू नका. ते त्याचं मिठागर चालू आहे.

खडकावर दोन बगळे शेजारी-शेजारी. एक पाटीसारखा करडा-काळा, एक पांढराशुभ्र. दोन जाती ना? नाही! समुद्री बगळा एकच, रंग दोन. आमच्याकडे सख्ख्या भावंडांत असतात, तसे.

आणि खाडीच्या खांबावर बसलेला निळा खंड्या. याची गोष्ट बोईसरकरांनी तर कान देऊन ऐकावी. जपानची शिंकान्सेन बोगद्यातून बाहेर पडताना मोठा धमाका करायची. पक्षीनिरीक्षणाचा नाद असलेल्या एका इंजिनिअरला आठवला खंड्या. पाण्यात सूर मारतो आणि फारसं पाणीही उडत नाही! त्याच्या चोचीच्या घाटाचं नाक लावलेली 500 सीरिज 1997 ला रुळांवर आली. त्याच शिंकान्सेनच्या तंत्राने मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेन होतेय आणि 508 किलोमीटरच्या तिच्या मार्गावर एक स्टेशन आहे बोईसर! खंड्याचा भाचा खंड्याच्या गावी येतोय.

हळू! इथे कुणाचं घर आहे

पुळणीवर चिखल्या दिसला आणि तो अचानक एक पंख मोडल्यासारखा लंगडत तुमच्यापुढे पळायला लागला, तर त्याच्या मागे जाऊ नका. त्याला काही झालेलं नाही. तो नाटक करतोय. जवळपास वाळूत त्याची अंडी आहेत, उघड्यावर, वाळूच्याच रंगाची, आणि तुम्हाला तो तिथून दूर नेतोय. जागच्या जागी थांबा, पाय बघून टाका, आल्या वाटेने मागे फिरा. पुळणीवर गाडी घालणाऱ्यांना तर हात जोडून सांगते आहे ही जमात: एका टायरखाली एक अख्खं बिऱ्हाड जातं.

टिटवीचंही तसंच. जमिनीवर चार खडे मांडून संसार. आपल्याकडे म्हण आहे, टिटवी देखील समुद्र आटविते. अंडी नेली म्हणून समुद्राशी वैर धरणारी ती टिटवी. तेवढी जिद्द आता माणसांना लागणार आहे.

कारण हा किनारा नुसता सुंदर नाही, अडचणीतही आहे. शेजारी तारापूर. देशातलं पहिलं व्यापारी अणुवीज केंद्र इथे 1969 ला सुरू झालं. शेजारीच तारापूरची मोठी औद्योगिक वसाहत. तिच्या सांडपाण्याने खाडी आणि समुद्र नासतो, मासळी मरते, ही तक्रार घेऊन अखिल भारतीय मांगेला समाज परिषद 2016 मध्ये राष्ट्रीय हरित लवादात गेली. पक्ष्यांची बाजू मांडायला वेगळा वकील नव्हता. मच्छीमारांनी आपलं पोट वाचवायला धरलेली बाजू तीच पक्ष्यांची बाजू ठरली. उत्तरेला डहाणू तालुका 1991 पासून पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर आहे, आणि त्याच तालुक्यातल्या वाढवण बंदराची पायाभरणी 30 ऑगस्ट 2024 ला झाली. मच्छीमारांचा त्याला विरोध आहे. मला त्यांचं म्हणणं पटतं. चिखल ही रिकामी जागा नव्हे. वर लिहिलेलं सगळं त्या चिखलावर जगतंय.

बोर्ड, तिकीट, बोट, सगळं हवंय?

मग ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य गाठा. 2015 ला जाहीर झालं, जवळपास 17 चौरस किलोमीटरचं. 2022 मध्ये पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेलं. नांदूर मधमेश्वर आणि लोणार यांच्यानंतर राज्यातली ही तिसरी रामसर जागा. ऐरोलीला वनविभागाच्या कांदळवन कक्षाचं किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्र आहे. तिथून बोट सुटते, तीसुद्धा भरतीचं वेळापत्रक बघूनच. बघा, फिरून मावशींचंच गणित!

फ्लेमिंगोचे तीन बॉम्ब घ्या जाता-जाता. एक, पिल्लू राखाडी असतं. गुलाबी रंग खाण्यातून चढतो, शेवाळ आणि कोळंबीसारख्या जिवांतून. दोन, त्याचा मागे वाकणारा 'गुडघा' हा गुडघा नसून घोटा आहे, खरा गुडघा वर पिसांत दडलेला. तीन, अॅडलेडच्या प्राणिसंग्रहालयातला एक फ्लेमिंगो 2014 मध्ये गेला, तेव्हा त्याचं वय निदान 83 होतं. सहस्रचंद्रदर्शन झालेला पक्षी!

आता कामाचं

मोसम ऑक्टोबर ते मार्च. पूर्ण भरतीच्या दोन तास आधी पोचा, पाठीवर ऊन येईल असे उभे राहा. खाडीच्या चिखलात अंदाज नसताना उतरू नका, गुडघ्यापर्यंत पाय रुततो आणि पाणी मागून येतं. अणुऊर्जा केंद्राच्या दिशेने कॅमेरा नको. कुत्रा घरी, ड्रोन घरी, स्पीकर तर कायमचा घरी. जाळी आणि सुकट पसरलेल्या जागेवरून चालू नका, ते कुणाचं तरी दुकान आहे. भूक लागली तर गावातच जेवा आणि पैसे गावातच सोडा.

5 ते 12 नोव्हेंबर हा आपला पक्षी सप्ताह. 5 ला मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, 12 ला सलीम अलींचा. एका अरण्यऋषीपासून एका पक्षितज्ज्ञापर्यंतचे आठ दिवस. दांडी मारायला याहून चांगलं निमित्त मिळायचं नाही.

आणि जानेवारी मोकळा ठेवा. आशियाई पाणपक्षी गणना 1987 पासून दर जानेवारीत होते आणि ती तुमच्या-माझ्यासारख्या लोकांच्याच जिवावर चालते. ओळखता येतील तेवढे पक्षी मोजा, न येतील त्यांचे फोटो काढा आणि यादी ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाका. दांडीला बोर्ड नाही, निदान नोंद तरी असू द्या. निघण्याआधी कालनिर्णयमध्ये तिथी बघा आणि तिची पाऊणपट करा.